स्नोडेन (चित्रपट)

स्नोडेन : अमेरिकी सरकारच्या गुप्त पाळत-कार्यक्रमांचा गौप्यस्फोट करणारा जागल्या एडवर्ड स्नोडेन (२१ जून १९८३– ) याच्यावरील इंग्रजी चरित्रपट. दिग्दर्शन ऑलिव्हर स्टोन. पटकथा किअरन फिट्झजेराल्ड व स्टोन. छायालेखन अँथनी डॉड मँटल. संगीत क्रेग आर्मस्ट्राँग व अ‍ॅडम पीटर्स. लांबी १३४ मिनिटे. टोरँटो महोत्सवानंतर १६ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित. स्नोडेनची भूमिका जोसेफ गॉर्डन-लेविट याने, तर त्याची सहचरी लिंडसी मिल्स हिची शेलीन वुडली हिने केली.

जून २०१३ मध्ये हाँगकाँगच्या मीरा हॉटेलात स्नोडेन पत्रकारांना भेटतो, या प्रसंगापासून कथा सुरू होते आणि तेथून वारंवार मागे जाते. २००४ मधील लष्करी प्रशिक्षण, सीआयएतील नोकरी, जिनिव्हा, जपान व अखेर हवाई हे तिचे टप्पे होत.

चित्रपटाच्या आधारग्रंथांविषयी मतभेद आहेत. श्रेयनामावलीत दोन पुस्तके येतात : ब्रिटिश पत्रकार ल्यूक हार्डिंग यांचे वृत्तान्तपर पुस्तक (२०१४) आणि स्नोडेनचे रशियातील वकील अनातोली कुचेरेना यांची कादंबरी. कादंबरीचा नायक जोशुआ कोल्ड हा मॉस्कोच्या विमानतळावर अडकलेला असून आपल्या वकिलाशी बोलतो. पडद्यावर या रचनेचा मागमूस जवळजवळ नाही. त्यामुळे कादंबरीचे हक्क कथेसाठी नव्हे, तर स्नोडेनपर्यंत पोचण्यासाठी घेतले गेले, अशी टीका तेव्हा झाली. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. रशियात आश्रयास असलेल्या स्नोडेनला स्टोन मॉस्कोत अनेकदा भेटले. अखेरच्या दृश्यात खुद्द स्नोडेन दिसतो, आणि ते चित्रण कुचेरेना यांच्याच बंगल्यात झाले. एकंदरीत, चित्रपटाचा खरा आधार या भेटी व हार्डिंग यांचे पुस्तक हाच मानणे सयुक्तिक ठरते.

याचा परिणाम विश्वसनीयतेवर होतो. हाँगकाँगचा भाग पडताळून पाहता येतो, कारण त्या खोलीत माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांचा कॅमेरा चालू होता आणि त्यातून बनलेल्या ‘सिटिझनफोर’ या माहितीपटास २०१५ मध्ये ऑस्करही मिळाले. चित्रपटात पॉइट्रस (मेलिसा लिओ), तसेच पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड (झॅकरी क्विन्टो) व इवन मॅकअ‍ॅस्किल (टॉम विल्किन्सन) यांची दृश्ये त्याला बव्हंशी धरून आहेत. गुप्तचर कार्यालयांतील प्रसंगांना मात्र एकट्या स्नोडेनची साक्ष आहे, आणि पटकथेने नेमके तेथेच सर्वाधिक स्वातंत्र्य घेतले आहे. सीआयएतील गुरू कॉर्बिन ओब्रायन (रिस इफान्स) हे पात्र काल्पनिक असून त्याच्या नावात ऑर्वेलच्या ‘१९८४’ कादंबरीतील पाळतखोर सत्ताधारी पक्षाचा अधिकारी ओब्रायन याचा प्रतिध्वनी आहे. निकोलस केजने साकारलेला हँक फॉरेस्टर हाही काल्पनिक. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे (एनएसए) माजी अधिकारी विल्यम बिनी यांच्यावरून तो बेतला असावा, असे सामान्यतः समजले जाते.

एनएसएची गुप्त कागदपत्रे स्नोडेनने बाहेर कशी नेली, हा सर्वांत चर्चिलेला तपशील. चित्रपटात स्नोडेन मेमरी कार्ड रुबिक क्यूबच्या एका चौकोनाखाली दडवतो, क्यूब सुरक्षारक्षकाकडे टाकतो आणि तपासणी ओलांडून परत घेतो. त्या वेळी स्नोडेनने आपली पद्धत जाहीर केलेली नव्हती. म्हणून अनेक समीक्षकांनी हा प्रसंग कल्पित मानला. हाँगकाँगमध्ये ओळख पटावी म्हणून त्याने हाती क्यूब धरला होता, हे मात्र आधीपासून ज्ञात होते. २०१९ मधील आत्मकथनात त्याने कार्ड कधी क्यूबच्या चौकोनाखाली, कधी मोज्यात, तर कधी गालात ठेवल्याचे लिहिले आहे. म्हणजे साधन खरे ठरते. वातावरण वेगळे आहे : पुस्तकात हवाईतील भूमिगत केंद्रात रात्रपाळीला, जुन्या डेल संगणकांवर, तासन्‌तास चालणारे कंटाळवाणे काम आहे, पडद्यावर सहकाऱ्यांच्या वावरात काही मिनिटांची धाकधूक आहे. क्यूब फेकण्याच्या प्रसंगाला आत्मकथनाचा आधार नाही.

प्रदर्शनाच्या आदल्याच दिवशी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीने आपल्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. त्यात स्नोडेनने १५ लाख दस्तऐवज नेल्याचे व तो अतिशयोक्ती करणारा असल्याचे म्हटले होते. लष्करातून बाहेर पडण्याचे कारण समितीच्या मते नडगीचे दुखणे. स्नोडेनच्या म्हणण्यानुसार दोन्ही पायांची हाडे मोडली होती, तर आत्मकथनात तडे गेल्याचे येते. चित्रपटात बराकीतील पलंगावरून उतरताना पाय मोडतो. पत्रकार बार्टन गेलमन यांनी समितीच्या या व इतर विधानांतील चुका दाखवल्या, आणि या वादात त्यांचे विवेचन अधिक साधार वाटते. दस्तऐवजांच्या संख्येबाबत सावधगिरी हवी : हाताळलेले, नेलेले व पत्रकारांना दिलेले दस्तऐवज हे तीन वेगळे आकडे आहेत.

उघड झालेल्या माहितीत भारताचाही संबंध होता. पाळतीतून जमलेल्या माहितीची देशवार मोजणी करणाऱ्या एनएसएच्या ‘बाउंडलेस इन्फॉर्मंट’ या साधनानुसार मार्च २०१३ मध्ये भारतातून ६३० कोटी नोंदी जमा झाल्या; देशांत भारत पाचवा होता. स्नोडेनचा आश्रयाचा अर्ज भारताने २ जुलै २०१३ रोजी नाकारला.

अमेरिकी स्टुडिओंनी नकार दिल्याने निर्मितीस जर्मन व फ्रेंच भांडवल लागले. २०१५ च्या प्रारंभी चित्रीकरण मुख्यतः म्यूनिकमध्ये झाले. पाळतीच्या भीतीने पटकथा इंटरनेट नसलेल्या संगणकावर ठेवल्याचे स्टोन सांगत. प्रदर्शन दोनदा लांबले. समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. गॉर्डन-लेविटने स्नोडेनचा खर्जातला, सपाट आवाज अचूक पकडल्याबद्दल एकमत दिसते. सुमारे ४ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ३.७ कोटी डॉलर मिळवले.