रुमॅटिक हार्ट डिसीज असलेल्या मुलांच्या जगण्याचा दर्जा

घसा दुखतो, चार दिवसांत बरा होतो, घरचे विसरून जातात. पण तो घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे दुखला असेल तर काही पोरांना २-३ आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा उद्या घोटा असे सांधे सुजतात आणि त्यातच हृदयाची झडप, बहुतेक वेळा मायट्रल म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, खराब होते. हे बहुधा ५ ते १५ वयात. सांधे बरे होतात, झडपेचं दुखणं राहतं, तेच रुमॅटिक हार्ट डिसीज.

जगण्याचा दर्जा मोजायला पेड्सक्यूएल नावाची २३ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, त्यात चालणं-धावणं, मन, मित्र आणि शाळा असे चार भाग, मार्क ० ते १००. मुलाला वेगळी, आईबापाला वेगळी. दोघांची उत्तरं जुळतीलच असं नाही, न जुळल्यास मुलाचं आधी ऐकावं.

कोकणात 'चालणं-धावणं' म्हणजे वाडीवरनं शाळेची घाटी चढणं. झडप आकसलेली असली की सपाटीला काही कळत नाही, चढणीला दम लागतो, पोर मागे राहतं. मग घरचे घाबरून सगळंच बंद करतात, कबड्डी नको, शिमग्यात पालखीजवळ नको. खरं तर दुखणं किरकोळ असेल तर बऱ्याच मुलांना खेळता येतं, किती ते इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून डॉक्टरच सांगतात.

सगळ्यात जास्त कंटाळा इंजेक्शनचा, घशाचे ते जंतू परत येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून घ्यायच्या. बेंझाथिन पेनिसिलिन दर ३-४ आठवड्यांनी, आपल्याकडे बहुतेक २१ दिवसांनीच, कुल्ल्यात खोल टोचतात, औषध दाट, बाकावर नीट बसवत नाही. झडप कायमची खराब असेल तर अशा शेवटच्या तापानंतर निदान १० वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यातलं जे जास्त ते! रिअॅक्शनच्या भीतीने कितीतरी खासगी डॉक्टर टोचतच नाहीत, म्हणजे सरकारी दवाखाना, म्हणजे एसटी, शाळेचा खाडा आणि आईची मजुरी बुडणार. लावणीच्या दिवसांत, गणपतीत चाकरमानी घरी आले की तारीख हटकून पुढे जाते. सावकाश टोचलं किंवा लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) मिसळलं तर दुखणं कमी होतं, हे नर्सबाईंना सांगायला लाजू नये.

शाळेतल्या तपासणीत (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून) हा आजार बघतात. झडप फुग्याने उघडणं किंवा बदलणं यासाठी बहुतेकांना मुंबई गाठावी लागते, खर्चाला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. धातूची झडप बसवली की जन्मभर वॉरफरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) आणि त्याचा डोस बरोबर आहे का ते बघायला रक्ताची आयएनआर तपासणी.

मुलींचं वेगळंच. लग्न जमणार नाही म्हणून फाईल कपाटात लपवली जाते, इंजेक्शनही थांबतं. गरोदरपणात हृदयावरचा ताण वाढतो, आकसलेल्या झडपेला तो झेपत नाही, वॉरफरिनचा पोटातल्या बाळाला धोका असतो, त्यामुळे इको आणि औषधांचं बोलणं दिवस राहण्याआधी व्हायला हवं, आणि सासरी माहीत असल्याशिवाय ते होत नाही.