पहिला प्रश्न : त्या दिवशी घरात कोण कोण होतं?

बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री टाकून उभी केलेली झोपडी. आई दारात बसलेली, मांडीवर दीड-दोन वर्षांचं मूल. पाहणीसाठी आलेली मुलगी त्याचा डावा हात सैल सोडायला लावते, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पेनानं खूण करते आणि तिथं रंगीत पट्टी गुंडाळते. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. जरा आवळली तर बरं मूल कुपोषितांत जातं, सैल राहिली तर खरोखर खंगलेलं मूल निसटतं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर लाल, साडेबाराच्या खाली पिवळा, त्यापुढे हिरवा. आपल्या अंगणवाड्यांत ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) मुलं ओळखायला वापरतात तीच ही पट्टी.

अशा झोपड्यांनी २०१७च्या शेवटी बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या टेकड्या भरून गेल्या होत्या. २५ ऑगस्टनंतर काही महिन्यांतच म्यानमारमधल्या हिंसाचारातून पळून सहा लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम तिथं आले. त्यांतली किती मुलं उपाशी होती, मागं किती माणसं दगावली आणि कशानं, हे सांगणारी एकही नोंदवही नव्हती. मग एकच मार्ग उरतो : निवडक घरी जायचं आणि विचारायचं.

निवड कशी करायची? शितावरून भाताची परीक्षा खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असला तर. छावणीत तसं नसतं. एका गावाहून आलेली माणसं शेजारी-शेजारी राहतात, त्यांच्यावर गुदरलेलंही सारखंच असतं. म्हणून एकाच कोपऱ्यातली शंभर घरं पाहण्यापेक्षा तीस ठिकाणची थोडी-थोडी घरं पाहतात, आणि शेजारसाम्याची भरपाई म्हणून एकूण घरंही वाढवतात. पूर्वी वस्तीच्या मध्यभागी उभं राहून पेन गरकन फिरवायचं आणि टोक दाखवेल त्या दिशेनं चालायचं, अशी पद्धत होती. तिच्यात मधल्या घरांची वर्णी जास्त लागते. आता उपग्रहाच्या चित्रात छपरं मोजून त्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी घरं निवडता येतात. मग निवडलेल्या झोपडीला कुलूप असलं म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही, पुन्हा यायचं. त्या घरातली माणसं कदाचित दवाखान्यात असतील.

मुलाचं वय हाही एक पेचच. जन्मदाखला नसतो. मग प्रश्न असे येतात : मोरा वादळ आलं तेव्हा हा रांगत होता का? रमजानच्या आधीचा की नंतरचा? कोयनेच्या भूकंपावरून वय सांगणारी आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. इथं त्याच आठवणींचं रीतसर कॅलेंडर बनवतात.

सगळ्यांत नाजूक भाग मृत्यूंचा. ‘तुमच्या घरात कोणी वारलं का’ असं थेट विचारत नाहीत. आधी एक ठळक दिवस ठरवतात आणि त्या दिवशी घरात कोण कोण होतं, हे एकेक नाव घेऊन विचारतात. मग प्रत्येक नावापुढे : आता कुठं आहे? उत्तर कधी-कधी फार उशिरा येतं. त्या शांततेत घाई न करणं हे पाहणी करणाऱ्याचं खरं कसब आहे, असं मला वाटतं. शिधा कापला जाईल या भीतीनं मृत्यू लपवलाही जातो, म्हणून या उत्तरांचा रेशनशी संबंध नाही, हे आधीच सांगावं लागतं.

मिळालेल्या मृत्यूंना माणसं गुणिले दिवस यांनी भागतात. समजा, २,५०० माणसांच्या घरांत ९० दिवसांत २३ मृत्यू आढळले, तर दर दहा हजारांमागे रोज एक मृत्यू. आकडा किरकोळ वाटतो. पण भारतात हजारी वर्षाला साधारण सहा माणसं दगावतात. म्हणजे दहा हजारांच्या गावात वर्षभरात साठेक. ‘रोज एक’ म्हणजे त्याच गावात ३६५. आणीबाणीची खूण म्हणून हाच आकडा वापरतात.

कॉक्स बाजारमध्ये नोव्हेंबर २०१७च्या सुरुवातीला ‘सीमेपलीकडील डॉक्टर्स’ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, एमएसएफ) या वैद्यकीय मदत संस्थेनं अशा सहा पाहण्या केल्या. २,४३४ घरं, ११,४२६ माणसं. त्यावरून निघालेला अंदाज असा : २५ ऑगस्ट ते २४ सप्टेंबर या एका महिन्यात किमान ६,७०० रोहिंग्या हिंसाचारात मारले गेले, त्यांत पाच वर्षांखालची किमान ७३० मुलं. म्यानमार सरकार चारशेच्या आसपास मृत्यू सांगत होतं. नोंदवही नसलेल्या माणसांच्या बाजूनं उभा राहिलेला हा आकडा होता. तो दोन हजारांहून अधिक घरांच्या दारात बसून मिळवलेला असल्यामुळेच सहज झटकून टाकता येत नव्हता.

तरी त्यात ‘किमान’ हा शब्द आहे, आणि तो फार विचारानं घातलेला आहे. पाहणीला उत्तर द्यायला घरातलं कोणीतरी जिवंत असावं लागतं. ज्या घरांना कोंडून आग लावली, जिथून कोणीच सीमा ओलांडली नाही, त्या घरांसाठी छावणीत झोपडीच उभी राहिली नाही. त्यांचा नंबर लागणार कसा? आणि लागला असता, तर नावं सांगणार कोण?