प्रोटीन स्किमर चालू आहे, मग पाण्यावर तवंग का?

रीफ टँकचा, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो येतो, कोरल मस्त उघडलेले, आणि पाण्यावर चकचकीत तेलकट तवंग. सोबत प्रश्न: स्किमर तर चोवीस तास चालू आहे, आता मोठा घेऊ का? नका घेऊ हो! दुकानदार दोन वेगळ्या वस्तूंना नुसतं 'स्किमर' म्हणतात आणि गिऱ्हाईक भलतीच वस्तू घेऊन घरी जातं, याचा मला खरंच राग येतो.

प्रोटीन स्किमर तुम्हाला माहीतच आहे, पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, त्यांना चिकटलेली घाण फेसाबरोबर वर चढते आणि कपात काळपट साठते. सर्फेस स्किमर म्हणजे फक्त वरच्या थराचं पाणी ओढणारं तोंड. सम्प (फिल्टरची खालची वेगळी टाकी) असेल तर ओव्हरफ्लोचा (वरचं पाणी जिथून सम्पमध्ये सांडतं तो कप्पा) दातेरी काठ हेच काम करतो, नसेल तर तरंगत्या तोंडाचा छोटा डबा मिळतो. किंमत, आवाज वगैरे फरक सोडून द्या.

खरा फरक पाणी कुठून घेतलं जातं हा आहे. माशांच्या खाण्यातली चरबी, प्रोटीन यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, म्हणून ते हवा आणि पाणी भेटतात तिथे जाऊन बसतात. प्रोटीन स्किमर याचाच फायदा घेतो, बुडबुड्यांमधून हवा पाण्याच्या आत नेतो आणि रेणू त्यांना चिकटतात. पण तवंगातले रेणू आधीच वरच्या हवेला चिकटून बसलेत, ते खाली वीतभर खोल असलेल्या पंपाच्या तोंडाशी आपणहून का जातील? मोठा स्किमर घेतला तरी तो तेच खालचं पाणी जास्त जोरात घुसळणार.

आणि उलटंही तितकंच खरं. सर्फेस स्किमर स्वतः काहीच काढत नाही, नुसती वाहतूक करतो. मागे प्रोटीन स्किमर किंवा रोज बदललेला फिल्टर फ्लॉस (घाण गाळणारा कापूस) नसेल तर तवंग पाण्यात मिसळून परत वर येतो. म्हणून माझं ठाम मत, ओव्हरफ्लोचं पाणी सम्पच्या ज्या कप्प्यात पडतं तिथेच प्रोटीन स्किमर ठेवा. सम्प नसेल तर हँग-ऑन, म्हणजे टाकीच्या काठाला अडकवायचा स्किमर घेताना त्याच्या पंपाला वरचं पाणी ओढणारं तोंड जोडता येतं का ते आधी बघा, आणि टॉप-अप (उडून गेलेलं पाणी भरणं) नियमित करा, नाहीतर बाष्पीभवनाने पातळी खाली जाते आणि पक्कं बसवलेलं तोंड नुसती हवा ओढत बसतं.

वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) वरच्या दिशेला वळवला की तवंग फुटतो, निघून जात नाही. तरी मी तो वळवतोच, कारण पाणी ढवळलं की हवेची देवाणघेवाण सुधारते आणि फुटलेला तवंग निदान स्किमरपर्यंत पोचतो. २६ अंशाला समुद्री पाण्यात लिटरमागे साधारण ६ ते ७ मिलीग्रॅमच ऑक्सिजन मावतो, त्यावर तवंगाचं झाकण आलं की रात्री ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही खाली येतात. किचन टॉवेल पाण्यावर पसरून उचलला तर तेवढ्यापुरतं साफ होतं, बस.

प्लांटेड टँकमधून (गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टाकीतून) इकडे आलेल्यांसाठी एवढंच, सर्फेस स्किमर गोड्या पाण्यातही चालतो, प्रोटीन स्किमर नाही, तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात.

आणि सगळं नीट असूनही तवंग अचानक आला तर आधी रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत टाकीत चढवणारा) बघा. खायला घालताना बंद केलेला तो पंप परत चालू करायचा राहिलेला असतो, आणि पंप बंद म्हणजे ओव्हरफ्लोही बंद.