पहिलं स्वतःचं पॅराशूट घेण्याआधी

दुबई, थायलंड किंवा स्पेनमध्ये ए-लायसन्स (एकट्याने स्कायडायव्हिंग करण्याचा पहिल्या पायरीचा परवाना) काढून आलेले मुंबईकर आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "नक्की उघडेल ना?" प्रश्न रास्त आहे. पण नीट घडी घातलेलं आजचं चौकोनी पॅराशूट सहसा उघडतंच, आणि बिघडलं तर पाठीवर दुसरं असतं. गंभीर दुखापती बऱ्याचदा होतात त्या पूर्ण उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली, जमीन अगदी जवळ आल्यावर. म्हणून रंग दाखवण्याआधी आम्ही तुम्हाला वजनकाट्यावर उभं करतो.

हिशोब साधा आहे. कपडे, हेल्मेट आणि रिग (पट्ट्यांचा हार्नेस, पाठीवरची पिशवी आणि तिच्यातल्या दोन्ही छत्र्या) धरून तुमचं एकूण वजन पौंडात घ्या आणि त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागा. 72 किलोचा माणूस आणि 12 किलोचं सामान मिळून साधारण 185 पौंड होतात. 190च्या छत्रीखाली उत्तर एकच्या जरा खाली येतं, 150च्या छत्रीखाली 1.23. नवख्याने एकच्या वर जाऊ नये. नुकत्याच 25 उड्या पूर्ण करून लायसन्स घेतलेल्याला आम्ही 150 विकत नाही, कितीही आग्रह झाला तरी. लहान छत्री मुळातच वेगवान असते. एक टॉगल (छत्री वळवायची हातातली मूठ) ओढला की झपकन कलते आणि भराभर उंची गमावते. खाली आल्यावर अचानक झाड किंवा तार दिसली आणि घाबरून जोरात वळलात, तर ती सरळ व्हायला उंचीच उरत नाही. अशा वेळी वाऱ्याला थोडं आडवं उतरावं लागलं तरी हरकत नाही. छत्री सपाट ठेवा, पाय जुळवा आणि दोन्ही टॉगल एकसारखे ओढून फ्लेअर करा, म्हणजे टेकण्याआधी वेग कमी करा. भर दुपारी हवा विरळ होते, त्यामुळे तीच छत्री सकाळपेक्षा जोरात उतरते, हेही लक्षात असू द्या.

सेकंडहँड रिग घ्यायला आमची ना नाही. मात्र पैसे देण्याआधी ती तपासून घ्या. मुख्य छत्रीचं कापड चांगलं दिसलं तरी दोऱ्या बघाव्या लागतात, कारण स्लायडरच्या (छत्री उघडताना दोऱ्यांवरून खाली घसरणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापून काही दोऱ्या आखडतात आणि छत्री आपोआप एका बाजूला वळू लागते. राखीव छत्रीचं मापही वजनाला पुरेसं हवं. शुद्ध हरपलेल्या माणसाला तीच उतरवणार आहे, तिथे आकारात काटकसर नको. हार्नेस अंगात घालून आमच्याकडे हुकाला लटकून बघा. उजवीकडचा कट-अवे (मुख्य छत्री सोडून देणारा) आणि डावीकडचा राखीव छत्रीचा हँडल नजरेस पडला पाहिजे आणि हाताला लगेच लागला पाहिजे.

एएडीवरची, म्हणजे राखीव छत्री आपोआप उघडणाऱ्या यंत्रावरची, उत्पादनाची तारीख वाचा. मुदत संपलेल्या यंत्राचा एक रुपयाही देऊ नका. 1991मध्ये जर्मनीत आलेलं सायप्रेस किंवा त्यासारखी यंत्रं नेहमीच्या सेटिंगवर सुमारे 750 फुटांवर, माणूस अजून वेगाने कोसळत असेल तर, राखीव छत्री बंद ठेवणारा लूप पात्याने कापतात. तो शेवटचा आधार आहे. त्याच्या भरवशावर हँडल ओढायला उशीर करू नये. बिघडलेली छत्री सोडायची की नाही, हा निर्णय नवख्याने 2,500 फुटांपर्यंत घेतलेला असावा.

उडीआधी छातीचा पट्टा स्वतः बघा, मग दुसऱ्याला दाखवा. पट्टा बकलातून नुसता ओवलेला असला तरी वरून बांधल्यासारखाच दिसतो, पण ताण आला की सरकतो. तो बकलाच्या सरकत्या दांडीवरून परत फिरून आला पाहिजे. ओढून पाहा.

आता मुंबईच्या हवेबद्दल. नायलॉनला ऊन सोसत नाही आणि आम्ल तर मुळीच नाही. त्यामुळे रिग गाडीच्या डिकीत, बॅटरीच्या आसपास ठेवू नका. बाल्कनीत वाळत घालू नका. जून ते सप्टेंबर दमट कपाटात बंद राहिलेल्या छत्रीला बुरशीचा वास येतो, रबर बँड चिकट होतात. सावलीत, पंख्याखाली पसरून मग कोरड्या खोलीत ठेवा. वन बीएचकेत पसरायला जागा नसते हे आम्ही जाणतो, तेव्हा आमचा हॉल वापरा. राखीव छत्रीची घडी मात्र परवानाधारक रिगरनेच (पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या तंत्रज्ञाने) घालायची. अमेरिकेत ती दर 180 दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा घालणं सक्तीचं आहे आणि आम्हीही तीच मुदत पाळतो.

फक्त टँडम उडी (प्रशिक्षकाला बांधून घेतलेली) घेणाऱ्यांनी यातलं काही विकत घ्यायचं नाही. वजन खरं सांगा आणि तारकर्लीला स्कुबा केलं असेल तर मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

तपासणीला येताना रिगसोबत लॉगबुक आणि राखीव छत्रीचं पॅकिंग कार्ड आणा. कार्ड नसेल तर राखीव छत्री आम्ही आधी पूर्ण उघडतो, आणि त्याला वेळ लागतो.