अन्ननलिका दाबमापन पद्धती

गिळताना अन्ननलिकेचे स्नायू किती जोराने आणि कोणत्या क्रमाने आकुंचन पावतात, आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप (वलयस्नायू) वेळेवर सैल होते का, हे दाबाच्या आकड्यांत टिपणारी तपासणी म्हणजे अन्ननलिका दाबमापन किंवा मॅनोमेट्री. घास छातीत अडकतो, पाणीसुद्धा उतरत नाही, पण एन्डोस्कोपीत अडथळा काहीच दिसत नाही, अशा वेळी डॉक्टर ही तपासणी सुचवतात. मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. प्रत्येकीचे आकडे वेगळे येतात आणि निदानातली बरीचशी गफलत तिथेच होते.

क्रोनेकर आणि मेल्ट्झर यांनी १८८३ मध्येच फुग्यांच्या साहाय्याने गिळण्याच्या दाबाच्या नोंदी घेतल्या होत्या. भरवशाचे मापन मात्र जलप्रवाही पद्धतीने सुरू झाले. हिच्यात बारीक नळ्यांची जुडी नाकावाटे खाली सोडतात. प्रत्येक नळीच्या छिद्रातून पाणी अगदी हळू झिरपत असते. अन्ननलिकेची भिंत छिद्रावर दाबली गेली की पाणी अडते आणि तो दाब नळीतल्या पाण्यातून शरीराबाहेरच्या ट्रान्सड्यूसरपर्यंत (दाब मोजणाऱ्या उपकरणापर्यंत) पोहोचतो. यात मेख अशी, की नळी जराशी ताणली गेली किंवा तिच्यात हवेचा एखादा बुडबुडा राहिला, तरी दाबाचा चढ त्यातच जिरतो आणि कागदावर टोकदार लाटेऐवजी बोथट टेकाड उमटते. म्हणून तपासणीपूर्वी नळ्यांमधली हवा काढण्यात तंत्रज्ञाचा बराच वेळ जातो, आणि तो वाचवण्यात शहाणपण नाही. केशनलिकांतून पाणी सोडणारा आर्नडॉर्फर यांचा पंप १९७७ मध्ये आला, तेव्हा कमी पाण्यातही दाबाचा जलद चढ टिपता येऊ लागला.

दुसरी अडचण झडपेची होती. गिळताना अन्ननलिका आखडते आणि झडप वर सरकते. एकच छिद्र झडपेत ठेवले असेल तर ते त्या क्षणी जठरात पडते, दाब कोसळलेला दिसतो आणि झडप सैल झाली असा भास होतो. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेंट यांनी १९७६ मध्ये यावर सुमारे सहा सेंटिमीटर लांबीची ‘स्लीव्ह’ (एका छिद्राऐवजी पूर्ण लांबीवर दाब टिपणारी पट्टी) काढली. झडप वर-खाली झाली तरी ती स्लीव्हच्या टप्प्यातच राहते.

सॉलिड-स्टेट कॅथेटरमध्ये दाबसंवेदक नळीतच बसवलेले असतात. पाणी नाही, बुडबुडे नाहीत, प्रतिसाद झटपट. घशातला दाब क्षणार्धात चढतो-उतरतो, त्यामुळे घसा आणि अन्ननलिकेच्या वरच्या टोकाच्या झडपेच्या अभ्यासाला हीच पद्धत योग्य. रुग्णाला बसवूनही मोजता येते. जलप्रवाही पद्धतीत ट्रान्सड्यूसर बाहेर असल्याने शरीराची स्थिती बदलली की पाण्याच्या स्तंभाचा हिशेब बिघडतो. उलट बाजूने पाहिले तर सॉलिड-स्टेट नळी महाग आणि नाजूक असते, शिवाय शरीराच्या उष्णतेने तिचे वाचन सरकते, म्हणून तापमानाची दुरुस्ती करावी लागते. भारतातील अनेक केंद्रांत खर्चामुळे जलप्रवाही यंत्रेच वापरात आहेत. यंत्र नीट जुळवलेले असेल तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

१९९० च्या दशकात रे क्लाऊस आणि सहकाऱ्यांनी संवेदक जवळजवळ आणून त्यांच्या दाबांचा रंगीत नकाशा काढला. हीच हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री. नेहमीच्या सॉलिड-स्टेट नळीत एकेका सेंटिमीटरच्या अंतराने एकूण ३६ संवेदक असतात. कमी दाब निळा, जास्त दाब लाल. रुग्णाला उताणे झोपवून पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट देतात. निरोगी माणसात वरून खाली तिरकी उतरणारी रंगीत पट्टी दिसते. दुसऱ्या प्रकारच्या अकॅलेशियात (झडप नीट सैल न होण्याच्या आजारात) मात्र तिरकी पट्टी नसते. पूर्ण अन्ननलिका एकाच वेळी रंगाने भरते आणि पडद्यावर उभा पट्टा उमटतो. जुन्या रेघांच्या आलेखात जे अनुभवी डोळ्यालाच कळे, ते इथे नवख्यालाही दिसते.

हे नकाशे वाचण्यासाठी शिकागो वर्गीकरण वापरतात. त्याची चौथी आवृत्ती २०२१ ची. त्यातले कळीचे माप आयआरपी, म्हणजे गिळल्यानंतरच्या दहा सेकंदांतील सर्वांत सैल चार सेकंदांचा झडपेतील सरासरी दाब. झोपलेल्या स्थितीत मेडट्रॉनिकच्या प्रणालीवर १५ मिमी पारा ही सीमा धरतात, लॅबोरी आणि डायव्हर्सटेकच्या प्रणालींवर २२. म्हणजे १८ हा आकडा एका यंत्रावर दोषाचा, दुसऱ्यावर निरोगी. अहवालावर यंत्राचे नाव नसेल तर हा आकडा वाचू नये हेच बरे.

आयआरपी सीमेवर घुटमळत असेल, तर रुग्णाला उभे करून बेरियम (क्ष-किरणांत दिसणारा द्रव) पाजतात आणि एक, दोन व पाच मिनिटांनी क्ष-किरण चित्रे काढून अन्ननलिकेत उरलेल्या बेरियमच्या स्तंभाची उंची मोजतात. दुसरा पर्याय फ्लिपचा. यात भूल देऊन एन्डोस्कोपीच्या वेळीच झडपेत द्रवाची पिशवी फुगवतात आणि दाबाच्या मानाने झडप किती उघडते ते पाहतात. त्यात रुग्णाला गिळावे लागत नाही; नाकातली नळी सहन न होणाऱ्यांना हा मोठाच दिलासा असतो.