मंडळाला पंचविशीतला दादा का लागतो?

सहामाही परीक्षा संपली की बेळगावच्या गल्ल्यांतून दगड, तांबडी माती आणि रिकाम्या पोत्यांचे ढीग दिसू लागतात. दिवाळीचा किल्ला इथे घरापुरता राहिलेला नाही. गल्लीतलं मंडळ तो करतं, एखादा ठरावीक गड निवडून करतं आणि काही पोरं तर आधी खऱ्या गडावर जाऊन बुरूज, दरवाजे, पाण्याची टाकी बघून येतात. शहर असो की येळ्ळूर-कडोलीसारखं गाव, कामाची वाटणी कुणी कागदावर करत नाही, तरी ती होते. नऊ-दहा वर्षांची पोरं माती चाळतात, पाणी आणतात. तेरा-चौदाची पोती चिखलात बुडवून दगडांवर अंथरतात. कडा कुठे ताशीव ठेवायचा आणि उतार कुठे द्यायचा यावरून त्यांची हमखास जुंपते. सतरा-अठराच्यांकडे वायर, बल्ब आणि वर्गणीची वही. या सगळ्यांच्या मागे, बहुधा मोटारसायकलला टेकून, पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक जण उभा असतो. तो चिखलात हात फारसा घालत नाही. "त्यो बुरूज उद्याच्याला खाली येतोय बघ," एवढंच म्हणतो. पोरं कुरकुरत बुरूज पाडतात आणि परत बांधतात.

किल्ला झाला की बघायला येणाऱ्यांना गडाची माहिती सांगायचं काम कुणाला तरी द्यावं लागतं. हुशार दादा ते बोलक्या पोराला देत नाही, बुजऱ्याला देतो, म्हणजे त्याची भीड चेपते. पुढे वैशाखातल्या शिवजयंतीला ट्रॉलीवर सजीव देखावा उभा करायचा असतो. चित्ररथांची ती मिरवणूक रात्रभर चालते आणि त्यातले मावळे, सरदार, हेजीब (राजाचे वकील) हे सगळे याच पोरांतून निघतात.

साठी ओलांडलेली माणसं या भागात सहज म्हणून जातात, "आम्हाला मंडळानं घडवलं." कुणी तालमीचं नाव घेतं, कुणी वाचनालयाचं, कुणी भजनी मंडळाचं. हे म्हणणं खरं आहे का, आणि खरं असेल तर मंडळातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीने ते घडतं, हे तपासता येतं. पण आधी दोन अडचणी ओलांडाव्या लागतात.

पहिली अडचण आठवणींची. उतारवयातल्या माणसाला आयुष्य आठवायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. मानसशास्त्रज्ञांनी हे १९८०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे. त्या वयात जे काही आजूबाजूला होतं, ते पुढे आयुष्याला वळण देणारं वाटतं. मंडळ त्या काळात होतं, म्हणून ते मोठं दिसतं. तेवढ्यावर त्याचा परिणाम सिद्ध होत नाही. दुसरी अडचण निवडीची. मंडळात टिकला तो आज व्यासपीठावर बसून भाषण करतो. दोन महिन्यांत सोडून गेला त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. शिवाय रोज संध्याकाळी बाहेर जाऊ देणारं घर, थोडाफार मोकळा वेळ आणि चार लोकांत बसण्याची आवड हे सगळं ज्याच्याकडे आधीच होतं, तोच मंडळात आला असेल. मग श्रेय मंडळाचं की घराचं?

ही गाठ सोडवायला संशोधकांना अशी परिस्थिती लागते जिथे मंडळ मिळणं किंवा न मिळणं मुलाच्या हातात नसतं. लंडनमध्ये तशी परिस्थिती आपसूक तयार झाली. २०१० नंतरच्या सरकारी खर्चकपातीत तिथले जवळपास ३० टक्के यूथ क्लब दशकभरात बंद पडले. एका वस्तीतला क्लब गेला, दुसरीतला राहिला. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन प्रकारच्या वस्त्यांतल्या मुलांची तुलना आहे. चालत जाण्याच्या अंतरावरचा क्लब ज्यांचा बंद झाला, त्यांचे शाळेतल्या सार्वत्रिक परीक्षेतले गुण घसरले. घसरण थोडी होती, पण होती. १० ते १७ वयोगटातल्या मुलांच्या हातून गुन्हा घडण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढली. क्लब बंद करून वाचलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळपास तीन पौंडांचा भुर्दंड पडला, असा हिशेबही त्यात मांडला आहे. सरकारी तिजोरीची भाषा कळणाऱ्यांना एवढं पुरावं.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता: खोली बांधा, पोरं सुधारतील. पण स्वीडनची गोष्ट वेगळी आहे. तिथे गावोगावी सरकारी खर्चाने चालणारी युवक केंद्रं आहेत. संध्याकाळी यायचं, बिलियर्ड्स खेळायचं, गाणी ऐकायची, कॉफी प्यायची, वाटेल तेव्हा निघून जायचं. जोसेफ महोनी, हाकन स्टाटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अभ्यासात मुलग्यांच्या दहाव्यापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या नोंदी पाहिल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. तेराव्या वर्षी या केंद्रांत नेमाने जाणाऱ्या मुलग्यांच्या नावावर पुढे जास्त गुन्हे होते. घरची परिस्थिती आणि आधीचं वागणं हिशेबात धरल्यावरही फरक उरलाच. मात्र जी मुलं खेळाच्या संघात, वाद्यवृंदात, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेलं काम शिकवणाऱ्या जागी जात होती, त्यांच्यात उलट चित्र दिसत होतं.

एकीकडे क्लब गेल्याने गुन्हे वाढले, दुसरीकडे केंद्रात गेल्याने वाढले. यातलं एक खोटं मानण्याचं कारण नाही. दोन्हीकडच्या छपराखाली जे चालत होतं ते सारखं नव्हतं. लंडनच्या क्लबात पगारी, प्रशिक्षित कार्यकर्ते मुलांसोबत असत. स्वीडनच्या त्या केंद्रांत मोठी माणसं होती, पण मुलांनी काय करावं यात ती पडत नसत. आपल्याकडेही दोन्ही नमुने एकाच गल्लीत सापडतात. किल्ला चालू असतानाची मंडळाची खोली वेगळी आणि एरवी कॅरमबोर्डाभोवती मोबाईल घेऊन बसलेली तीच खोली वेगळी. मला विचाराल तर नुसता कॅरमबोर्ड आणून ठेवणं हे पोरांना सांभाळणं नव्हे.

रिकाम्या बैठकीत काय घडतं ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात टॉमस डिशन यांनी बारकाईने पाहिलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एकेका मित्राबरोबर बसवून त्यांच्या गप्पा त्यांनी चित्रित केल्या आणि एकच गोष्ट मोजली: हशा कशाला पिकतो. काही जोड्यांत साध्या गमतीला हसू येई. काही जोड्यांत मात्र नियम मोडल्याच्या बढाईलाच हसू येई; मास्तरांच्या गाडीतली हवा सोडली, दुकानातून काहीतरी उचललं, असल्या गोष्टींना. हसू मिळालं की बोलणारा त्याच वाटेने आणखी पुढे जाई. ज्या जोड्यांत हे जास्त, त्या मुलांचं पुढचं वागणं जास्त बिघडलं. कुणी कुणाला वाईट शिकवायला बसलं नव्हतं. हशा हेच बक्षीस होतं आणि ते देणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

हे वयच तसं का असतं? मेंदूच्या पुढच्या भागाकडे, कपाळामागे, आवर घालणं आणि परिणामांचा विचार करणं ही कामं असतात, आणि त्याची बांधणी पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. बक्षिसाची चव घेणारी आतली केंद्रं मात्र वयात येतानाच जोरात असतात. त्यात मित्र बघत असतील तर विचारूच नका. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. दिवा पिवळा झाला की किती पुढे जायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. जितकं पुढे तितके गुण, पण मध्येच आदळलं तर सगळे गेले. एकटे असताना किशोर आणि प्रौढ यांच्यात फारसा फरक नव्हता. दोन मित्र पाठीशी उभे केले की १३ ते १६ वयाच्या मुलांचा धोका पत्करण्याचा कल साधारण दुप्पट झाला. २४ वर्षांपुढच्यांना मित्रांनी काही फरक पडला नाही. मिरवणुकीत मनोऱ्याच्या वरच्या थरावर चढलेल्या पोराला खालून शिट्ट्या मिळाल्या की तो आणखी काय करून दाखवतो, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

आता मोटारसायकलला टेकलेला तो पंचवीस-सव्वीसचा गडी. स्टाइनबर्ग यांच्याच गटाने २०१६ मध्ये एक प्रयोग छापला. १८ ते २२ वर्षांच्या तरुणांपैकी काहींना एकटं बसवलं, काहींना चौघांच्या गटात, आणि काही गटांत चौघांपैकी एक जण मुद्दाम २५ ते ३० वयाचा ठेवला. फक्त समवयस्क असलेल्या गटांत धोका पत्करणं आणि हातातल्या छोट्या बक्षिसावर उडी मारणं वाढलं. एक थोडा मोठा माणूस गटात असला की ही वाढ जवळजवळ नाहीशी झाली; ते तरुण एकटे असताना जसे वागले असते तसे वागले. त्या मोठ्याने उपदेश करायचा नव्हता, शिस्त लावायची नव्हती. तो नुसता गटातला एक होता. प्रयोगशाळेतला, थोड्या वेळाचा आणि फक्त मुलग्यांवरचा प्रयोग, म्हणून त्यावर सगळा डोलारा उभा करू नये हे खरं. पण आपल्या तालमींत वस्तादाच्या खाली एक खलिफा असायचा, जो पोरांबरोबर लढतही असे आणि त्यांना आवरतही असे, ती रचना कुणी मेंदूचे फोटो बघून केली नव्हती.

परिणाम किती टिकतो, याचं सर्वात लांब पल्ल्याचं उत्तर हवाईतल्या काउआई बेटावरून आलं. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातलं दारूचं व्यसन, आईवडिलांची ताटातूट अशा चार-चार संकटांत वाढलेल्या मुलांपैकी एक तृतीयांश तरीही नीट उभी राहिली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: घराबाहेरचं, भरवशाचं, वयाने मोठं असं एखादं माणूस. कुणाला शेजारी, कुणाला शिक्षक, कुणाला तरुणांच्या मंडळातला पुढारी. आणि अठराव्या वर्षी वाया गेली असं ज्यांच्याबद्दल वाटलं होतं, त्यांतलीही बरीच मुलं तिशीत सावरलेली आढळली.

आपल्या भागाची एक खास बाब इथे सोडता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून सीमाभागात एकाच तारखेला एका घरी कर्नाटकचा राज्योत्सव आणि दुसऱ्या घरी, महाराष्ट्रात जाता आलं नाही म्हणून, काळा दिन असतो. पोरं दोन्ही घरांतून निघून एकाच मैदानावर येतात. मंडळ त्यांना जोडतं की आणखी दूर नेतं? अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींतल्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून असाच प्रश्न तपासला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुणाला कुठल्या संघात घालायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. एका संघात खेळलेल्यांच्यात जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या, आपल्या जातीवाल्याला झुकतं माप देणं कमी झालं. समोरासमोरच्या संघांत पडलेल्यांचं उलटं झालं, एकमेकांशी संबंध उलट कमी झाले. एकूण ताळेबंद मात्र जमेचाच निघाला. मराठी पोरांचा एक संघ आणि कानडी पोरांचा दुसरा असा 'सलोखा चषक' भरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. चषक ठेवा, पण संघ मिसळा. एकाच संघात असलं की "बॉल हाक रे" आणि "बॉल हाकू मारायऽऽ" एकाच तोंडातून निघायला वेळ लागत नाही.

मुलींबद्दल मंडळांचा कारभार लाजिरवाणा आहे. रांगोळी आणि आरतीचं ताट यापुढे काम जात नाही, आणि बैठक रात्री नऊला ठेवली की प्रश्नच मिटला. म्हणून मुली दिसतात त्या वाचनालयात आणि अभ्यासिकेत, जिथे वेळ दिवसाची असते. बैठक सहा वाजता ठेवायला काही निधी लागत नाही.

खरी गळती आता वेगळीच आहे. पदवी किंवा आयटीआय झालं की पोरगा पुण्याला, गोव्याला, नाहीतर बेंगळुरूला जातो. म्हणजे नेमका पंचविशीतला माणूस गल्लीतून कमी होतो. तो गणपतीला येतो, दिवाळीला येतो, व्हॉट्सअॅपवर सूचना देतो. मंडळात उरतात सतरा वर्षांचे आणि पन्नाशीचे. पन्नाशीच्या काकांसमोर पोरं गप्प बसतात आणि ते गेले की सुरू होतात.

मार्गदर्शक मध्येच सोडून गेला तर काय होतं, याचाही अभ्यास आहे. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या संस्थेत मुलाला एक मोठा सोबती जोडून देतात. तिथल्या नोंदींवरून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये दाखवलं, की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वाधिक फायदा झाला आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षाही खाली गेला. तेव्हा दिवाळीच्या पंधरवड्यापुरता उगवणारा दादा किल्ल्याला उपयोगी पडेल, पोराला पडेलच असं नाही.

जाणाऱ्याला कुणी थांबवू शकत नाही, थांबवूही नये. पण पुण्याची नोकरी एका दिवसात लागत नाही. बायोडेटा पाठवायला लागल्यापासूनच त्याने खोलीची किल्ली आणि वर्गणीची वही एकवीस-बावीस वर्षांच्या एखाद्याबरोबर वाटून घ्यावी, आणि वर्षभर दोघांनी मिळून चालवावी. आणि ज्या मंडळात असा एकवीसचा कुणी नाहीच, त्याने यंदाच्या चित्ररथाचा खर्च थोडा कमी करून रोज संध्याकाळी दोन तास बसणाऱ्या एखाद्या तरुणाला मानधन द्यावं.