निष्कास वायूंवरून दोषनिदान (मोटार)

इंधन अंतःक्षेपण (एंजिनात पेट्रोल फवाऱ्याने सोडण्याची योजना) असलेली, म्हणजे बोलीत ‘एमपीएफआय’, जुनी पेट्रोल मोटार पीयूसीत नापास झाली की सायलेन्सरमधील वायूंच्या प्रमाणावरून बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धती.

मोटारीत पेट्रोल अंतःक्षेपण प्रथम कोणी आणले याविषयी एकमत नाही. जर्मनीतील गोलियाथ व गुटब्रोड यांनी १९५१–५२ च्या सुमारास दोन धावांच्या (टू-स्ट्रोक) एंजिनांत ते वापरले. काही लेखक चार धावांच्या मर्सिडीज ३०० एसएलपासून (१९५४) गणना करतात. प्रस्तुत विषयापुरता व्होल्वोने १९७६ च्या सुमारास वापरात आणलेला, निष्कास वायूंतील ऑक्सिजन ओळखणारा लॅम्डा संवेदक अधिक महत्त्वाचा.

पुण्यात वाहन-प्रदूषणाच्या मानकांचा भारत टप्पा–२ (बीएस-२) एप्रिल २००३ मध्ये व टप्पा–३ एप्रिल २००५ मध्ये लागू झाला. या टप्प्यांच्या चारचाकींना आयडलवर (गाडी उभी ठेवून एंजिन मंद चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ०·५ टक्के व हायड्रोकार्बने ७५० पीपीएम (दशलक्षांत भाग) ही मर्यादा आहे. त्याआधीच्यांना ३ टक्के व १,५०० पीपीएम. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा निकाल वेगळा लागू शकतो.

मोनॉक्साइड जास्त व ऑक्सिजन जवळजवळ शून्य असेल, तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे. अशा वेळी सरसकट कॅट-कॉनला (निष्कासातील घातक वायू निरुपद्रवी करणारे उपकरण) दोष दिला जातो. पण जाळायला ऑक्सिजनच नसेल तर नवा कॅट-कॉनही काही करू शकत नाही. आधी पेट्रोलचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून पाहावी: आत पेट्रोलचा ओलावा असल्यास पडदा फाटलेला असतो. त्यानंतर शीतक-तापमान संवेदक. अनेक गाड्यांत त्याचा रोध २०° से.ला सुमारे २,५०० ओहम व ८०° से.ला सुमारे ३०० ओहम असतो. गरम एंजिनवरही तो हजारांत राहिला, तर ईसीयू (एंजिनचे नियंत्रण करणारी संगणक-पेटी) गाडी थंडच समजून पेट्रोल वाढवते.

हायड्रोकार्बने व ऑक्सिजन दोन्ही वाढल्यास एखादा स्पार्क प्लग मिसिंग करत, म्हणजे ठिणगी चुकवत, असावा. येथे फसगत होते: लॅम्डा संवेदक पेट्रोल नव्हे, ऑक्सिजन ओळखतो. न जळलेल्या मिश्रणातील ऑक्सिजन पाहून तो पेट्रोल कमी असल्याचे कळवतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल सोडते. संवेदकाआधी निष्कास नळीला चीर असल्यासही हेच घडते. म्हणून संवेदक बदलण्यापूर्वी प्लग, कॉइल व जोड पाहणे इष्ट.

कॅट-कॉनच्या पुढचे-मागचे तापमान मोजून तो जिवंत आहे की नाही हे ठरवण्याची रीत काही मेकॅनिक मानतात. नीट चालणाऱ्या एंजिनात जाळण्याजोगा वायू थोडाच उरतो, त्यामुळे हा फरक भ्रामक ठरू शकतो; वायुविश्लेषण अधिक विश्वसनीय वाटते. कॅट-कॉन साधारण २५०–३००° से.ला काम सुरू करतो. शनिवार पेठेतून जवळच्या डेक्कनच्या पेट्रोल पंपावर तपासणीला आलेली गाडी म्हणूनच, कॅट-कॉन पुरेसा न तापल्याने, नापास होते आणि सिंहगड रस्त्याने फिरून आल्यावर कधीकधी पास होते.

सीएनजी मोटारींत मिथेन वगळून हायड्रोकार्बने धरतात.